एका बाजूला लोंबणारा स्वेटर

११ नोव्हेंबर १९७८, शनिवार, दुपारचे सव्वाचार. दिवाळीची सुटी संपत आली होती आणि मुलीचा शाळेचा निळा स्वेटर मी नुकताच विणून-शिवून पूर्ण केला होता. मागच्या गॅलरीत तिला उभे करून तो अंगात घातला, खांद्यांच्या शिवणी जागेवर बसवल्या आणि दोन पावले मागे सरकून पाहिले. खालच्या बॉर्डरची डावी कड उजव्या कडेपेक्षा खाली आली होती. मी टेप आणून जमिनीपासून दोन्ही कडांची उंची घेतली. फरक एक पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर भरला.

शाळेच्या स्वेटरमध्ये एवढ्या फरकाकडे कोणी लक्ष देत नाही. मुलगी तर तो घालून केव्हाच खाली खेळायला पळाली होती. मला मात्र तो फरक सोडून देता येईना, कारण माझे स्वेटर चुकत नाहीत हे मी गेली पाच वर्षे दर रविवारी छापून सांगत आले होते.

मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. लग्न लवकर झाले आणि वर्षभरात मुलगी. ती सहा महिन्यांची असताना मी संशोधनासाठी नाव नोंदवायला गेले, तेव्हा विभागप्रमुखांनी माझे गुण पाहण्याआधी मुलीचे वय विचारले आणि ती शाळेत जाऊ लागली की जरूर या, असे अतिशय सौजन्याने सांगितले. ती शाळेत जाऊ लागली त्या वर्षी माझ्यामागून शिकलेले दोघेजण तिथे संशोधन करत होते आणि जागा उरली नव्हती. मला एका महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेण्याचे अर्धवेळ काम मिळाले. डोक्याचा जो भाग त्या कामात लागत नव्हता, तो मी लोकरीकडे वळवला.

आपल्याकडे विणणाऱ्या बायका टाके अंदाजाने घालतात. शेजारणीच्या मुलाला ऐंशी टाके पुरले म्हणून आपणही ऐंशी घालायचे, आणि स्वेटर ढगळ झाला की लोकरीला नावे ठेवायची. दहा सेंटिमीटरचा एक चौकोन आधी विणून पाहावा, त्यात किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजावे, आणि मग अंगाच्या मापाशी त्रैराशिक मांडावे, एवढी साधी गोष्ट मी १९७३ मध्ये लिहून नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीकडे पाठवली. ती छापून आली. संपादकांनी दुसरा लेख मागितला, मग तिसरा. चौथ्या वेळी त्यांनी मला कार्यालयात बोलावून घेतले. वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ होते.

"बाई, गणित उत्तम आहे," ते म्हणाले. "पण रविवारी सकाळी चहा पिताना माणसाला घर वाचायचं असतं. तुमच्या घरात कोणी राहतं की नाही?"

तेव्हापासून सदरात घर आले. सासूबाई काटोलहून येताना एसटीच्या टपावर पोतेभर संत्री टाकून आणत आणि खाटेखाली पसरून ठेवत. त्यांच्या वासाने टाके मोजण्यात कसा व्यत्यय येतो ते मी लिहिले. माझे यजमान कन्हानकडच्या खाणीत सर्व्हेअर. त्यांच्या मोज्यांची टाच कुठे झिजते आणि ती दुहेरी धाग्याने का विणावी, हेही लिहिले. पण सगळ्यात जास्त आली ती मुलगी. प्रत्येक नमुना तिच्या अंगावर बसवून पाहिलेला असे, म्हणून सदरात मी तिला 'आमचे माप' म्हणत असे. मापाचे पुढचे दात पडले, मापाला तेराचा पाढा येत नाही, माप रात्री टोपी काढून टाकते. सीताबर्डीच्या लोकरीच्या दुकानात अनोळखी बायका मला थांबवून विचारत, काय म्हणतं तुमचं माप? मला ते आवडत असे. संशोधनपत्रिकेत माझे नाव छापून येण्याची शक्यता दरवर्षी कमी होत चालली होती. इथे ते दर रविवारी येत होते.

त्या शनिवारी संध्याकाळी मी कारण शोधायला बसले. पद्धत प्रयोगशाळेतलीच होती: सगळ्या शक्यता समोर ठेवायच्या आणि एकेक बाद करत जायचे. दोन्ही कडांच्या ओळी मोजल्या, त्या सारख्या निघाल्या. वेगवेगळ्या वेळी रंगवलेली लोकर मिसळली तर एखादी बाजू जास्त ताणते; पण सगळे गुंडे मी एकाच दिवशी, एकाच पेटीतून घेतले होते. डावीकडची शिवण उसवून पुन्हा घातली. टेबलावर सपाट पसरून मोजला, तेव्हा तो सर्व बाजूंनी अचूक होता. मुलीच्या अंगावर गेला की डावी बाजू खाली. यावरून मी निष्कर्ष काढला की मुलगी नीट उभी राहत नाही, आणि पुढचे आठ-दहा दिवस, घरोघरच्या आया सांगतात तसे, ताठ उभी राहा म्हणून तिला सांगत राहिले.

सासूबाईंना ही आयतीच संधी होती. "एवढी शिकली तू," त्या म्हणाल्या, "अन् स्वेटरची साधी कोर सरळ नाही. आमच्या काटोलच्या बाया काही मोजत नाहीत, तरी बरोबर बसते."

मग मी विणणाऱ्या कोणालाही सुचेल तेच केले. खालची बॉर्डर कापून वेगळी केली, मोकळे झालेले टाके सुईवर उचलले आणि उजव्या अंगाला अर्ध्या ओळी घातल्या. अर्धी ओळ म्हणजे ओळ शेवटपर्यंत न नेता मध्येच सुई फिरवून परत यायचे. त्यामुळे तेवढ्या बाजूचे कापड थोडे वाढते. त्याखाली नवी बॉर्डर विणली. आता स्वेटर मुलीच्या अंगावर अगदी सरळ बसला. 'एका बाजूला लोंबणारा स्वेटर सरळ कसा करावा' या लेखाला त्या वर्षातली सर्वांत जास्त पत्रे आली. बायकांनी आपापल्या घरचे स्वेटर तसे दुरुस्त केल्याचे कळवले.

डिसेंबरात रामटेकची नणंद दोन दिवसांसाठी आली. तिची मुलगी माझ्या मुलीहून तीनच महिन्यांनी लहान, अंगापिंडाने तंतोतंत तशीच. आदल्या रात्रीपासून थंडी एकदम वाढली होती आणि ती पोर फ्रॉकवरच आलेली. मी पोळ्या लाटत होते. सासूबाईंनी खुंटीवरचा निळा स्वेटर काढून तिच्या अंगात घातला, तिला माझ्यासमोर आणून उभी केली आणि हसू लागल्या.

"काहून वं सूनबाई, तुह्या स्वेटरले पोरगी पाहून बाजू बदलता येते का?"

स्वेटर आता उजवीकडे लोंबत होता.

मी तवा उतरवला. त्या क्षणी काही समजले असे नाही, पण ज्या शक्यता मी बाद केल्या होत्या त्या पुन्हा डोळ्यांपुढे आल्या आणि त्यांत एक कमी होती हे दिसले. वस्त्र तेच, माप तेच, बदलले होते फक्त अंग. दोन्ही मुलींना मी आतल्या खोलीत नेले, दार लावले, कमरेपर्यंतचे कपडे काढायला सांगितले आणि भिंतीकडे तोंड करून उभे केले. आधी भाचीला वाकायला लावले, पायाचे अंगठे धरायला. तिची पाठ दोन्ही बाजूंनी सारखी होती. मग माझ्या मुलीला. ती वाकली तशी पाठीची उजवी बाजू, खांद्याच्या फऱ्याखालच्या बरगड्या, डावीपेक्षा वर उचलल्या गेल्या. मी त्यावर तळहात ठेवला.

"गार आहे हात," ती म्हणाली.

रात्री यजमानांना दाखवले. खाणीत वापरायचा ओळंबा त्यांच्या पिशवीत असे. त्यांनी दोरी तिच्या मानेच्या मणक्यावर धरली आणि खालचे वजन स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मणके दोरीपासून उजवीकडे निघून पुन्हा दोरीकडे परत येत होते. त्यांनी दोरी गुंडाळली, ओळंबा ठेवून दिला आणि सोमवारी रजा घेतो म्हणाले.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढवला. पाठीच्या कण्याचा पूर्ण फोटो मी प्रथमच पाहत होते. त्यांनी काचेच्या दिव्यावर तो लावला, पेन्सिलीने दोन रेघा आखल्या आणि कोनमापकाने कोन मोजला: सव्वीस अंश. मी कारण विचारले. दप्तराचे ओझे, बसण्याची सवय, आहार, माझ्या गर्भारपणातले काही? त्यांनी प्रत्येकाला नाही म्हटले. बहुतेक मुलींमध्ये कारण सापडत नाही.

"हे सरळ होणार नाही," ते म्हणाले. "वाढू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. उंची वाढायची थांबेपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षं. चाळीसच्या पुढे गेलं तर मुंबईला शस्त्रक्रिया करावी लागेल."

शस्त्रक्रिया म्हणजे काय, तेही त्यांनी लपवले नाही. कण्याला पोलादी सळई, मग कित्येक महिने छातीपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर, आणि पाय गमावण्याचा लहानसा पण खरा धोका. मी त्यांना कोनाच्या मोजमापातली चूक किती धरायची असे विचारले. ते म्हणाले, चार-पाच अंश धरा. त्यांनी प्रश्न टाळला नाही म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचे ठरवले.

घरी येताना सायकलरिक्षात मुलगी दोघांच्या मध्ये बसली होती. बर्डीचा चढ उतरल्यावर ती म्हणाली, "हे लिहायचं नाही."

मी काही बोलायच्या आत तिने आणखी सांगितले. ती चौथीत असताना मी सदरात लिहिले होते की गणिते सोडवताना माप स्वेटरची बाही चघळते, म्हणून बाहीची बॉर्डर वेगळी विणून जोडावी, झिजली की बदलता येते. वर्गातल्या कोणाच्या तरी आईने ते वाचून दाखवले, आणि वर्षभर मुली तिला बाही म्हणत होत्या. माझ्या ते कानावरही आले नव्हते.

"एक अक्षर नाही," ती म्हणाली.

मी कबूल केले. त्या रविवारच्या सदरात मफलरच्या काठावर लिहिले.

सहा महिन्यांच्या आत पुन्हा एक्स-रे नको, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. मधल्या काळात काय चालले आहे ते कळायला मला एक साधन हवे होते, आणि ते माझ्याकडे होते. मी निळ्या स्वेटरच्या अर्ध्या ओळी उसवून टाकल्या आणि तो मूळ होता तसा, सपाट पसरला तर अचूक भरणारा, असा विणून काढला. शाळेत घालायला दुसरा, दुरुस्त केलेला दिला. हा फक्त मापाचा. यजमानांनी आतल्या खोलीच्या भिंतीवर खिळा ठोकून ओळंबा कायमचा टांगला. त्याच्याशेजारी अनवाणी उभे राहायचे, श्वास सोडायचा, आणि मी जमिनीपासून स्वेटरच्या दोन्ही कडांची उंची घ्यायची. मुलगी वाढली की तोच स्वेटर उसवून, लोकर धुऊन, तिच्या सुरकुत्या वाफेने काढून, पुन्हा तेवढ्याच घट्ट विणीत मोठा करायचा. साधन ढोबळ होते. कडांच्या फरकाचा आणि कण्याच्या कोनाचा थेट संबंध मला दाखवता आला नसता. फार तर दिशा कळत होती. मार्चमध्ये फरक दीड सेंटिमीटर झाला होता. दिशा कळत होती.

जूनमध्ये कोन एकतीस आला आणि ब्रेस बनवायला दिला. कमरेला चामड्याचा घट्ट पट्टा, त्यातून वर गेलेल्या पोलादी पट्ट्या, एक मागून उजव्या बरगड्यांवर दाबणारी गादी, आणि गळ्याभोवती कडे. दिवसातून एक तास काढायचा, अंघोळीसाठी आणि व्यायामासाठी. झोपायचे त्यातच. शाळेत पहिल्या दिवशी तिला सोडायला मी गेले, तेव्हा तिने मला फाटकाच्या अलीकडेच परत पाठवले. शेजारच्या एका बाईंनी सासूबाईंना विचारले, नातीच्या मानेला काय झाले. "मानेले काई नाही झालं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरच्या बायांच्या माना ताठच रायतेत. तिची थोडी जास्त हाय." त्या दिवसापासून त्यांनी माझ्या विणकामाबद्दल एकही शब्द काढला नाही. मला ते उलट जड गेले.

सदरातून माप नाहीसे झाले होते. पत्रांतून विचारणा होत असे, दुकानात होत असे. संपादकांनीही एकदा विचारले, माप कुठे गेले. मोठे झाले, असे मी सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि पुन्हा कधी विचारले नाही.

नागपूरचा उन्हाळा ब्रेसमध्ये काढायचा म्हणजे काय, ते १९८० च्या एप्रिलमध्ये कळले. दिवसभर कूलर चालू असे, वाळ्याचे पडदे तासातासाला भिजवत असू, तरी चामड्याखाली घाम साचत असे. बाजारातल्या बनियनची बाजूची शिवण कमरेच्या पट्ट्याखाली दाबली जाऊन तिथे आधी लाल रेघ उठली, मग कातडी सोलली. शिवण नसलेली बनियन कुठे मिळेना. मी पांढरा सुती दोरा आणला आणि मोजे विणतात तशी, चार सुयांवर गोल, एकही शिवण न ठेवता बनियन विणली. दोन वेळा मोडली. तिसरी बसली. कातडी भरून आली.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती जमिनीवर ओल्या चादरीवर पडली होती. वेळ ब्रेस काढायची नव्हती.

"आई, फक्त आज," ती म्हणाली. "मोजू नकोस ना आजचं."

सासूबाई तिच्या डोक्याशी बसून पंख्याने वारा घालत होत्या. "काढ वं तिचं ते," त्या म्हणाल्या. "मानूस हाय का बैल?"

मी काढला नाही. घड्याळाकडे पाहून किती वेळ उरला आहे तेवढे सांगितले. सासूबाई उठून दुसऱ्या खोलीत गेल्या आणि संध्याकाळी जेवल्या नाहीत. मुलगी रडली नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवले. गळ्यातल्या कड्यामुळे त्यासाठी तिला सगळे अंग फिरवावे लागत असे. मी तिच्या पाठीशी बसून बनियनची पुढची ओळ विणत राहिले. माझा निर्णय बरोबर होता की नाही, हे त्या दुपारी सांगता येण्यासारखे नव्हते. ते जूनच्या फोटोतच दिसणार होते, आणि मोजमापातल्या चुकीची चार-पाच अंशांची मर्यादा धरली तर तेव्हाही नक्की सांगता आले नसते.

त्याच महिन्यात सदरात मी त्या बनियनची कृती दिली. 'उन्हाळ्यात आतून घालण्याची बिनशिवणीची बनियन', एवढेच शीर्षक. कशासाठी, कोणासाठी, काही लिहिले नाही. मुलीला आधी वाचून दाखवले. तिने शब्दन्‌शब्द ऐकला आणि मान हलवता येत नसल्याने हाताने चालेल अशी खूण केली. त्या लेखाला तीनच पत्रे आली. एवढ्या खटपटीपेक्षा बाजारातली बनियन काय वाईट, असे त्यांतल्या दोन बायकांनी विचारले होते.

जूनमध्ये एक्स-रेसाठी बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई होत्या, कन्हानहून आलेल्या, सोबत आठेक वर्षांची मुलगी. तिच्या गळ्यात तसेच कडे होते. तिच्या फ्रॉकच्या गळ्यातून आतली बनियन दिसत होती. विणलेली, पांढऱ्या दोऱ्याची. माझी मुलगी त्या बनियनकडे टक लावून पाहत होती. मग तिने स्वतःच त्या बाईंना विचारले, ही कुठे मिळाली.

"मिळते कुठची, बाई," त्या म्हणाल्या. "म्याच विणली. पेपरात आलं होतं. ज्या बाईनं लिहिलं ना, तिच्या घरी असन कोनीतरी असं. नाहीतं शिवण कुठं काचते हे तिले कसं समजते?"

तेवढ्यात आमचे नाव पुकारले गेले.

कोन छत्तीस होता. डॉक्टरांनी तो दोनदा मोजला. वर्षभर ब्रेस घालूनही पाच अंश वाढले होते. ते म्हणाले, हा वेगाने उंच होण्याचा काळ आहे, ब्रेस नसता तर कदाचित आताच चाळीस ओलांडले असते, कदाचित. डिसेंबरचा फोटो पाहून मुंबईबद्दल बोलू. मुलगी हे सगळे ऐकत होती. तिच्यापासून काही लपवायचे नाही, असे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते, आणि त्या दिवशी तो निर्णय निभावणे मला जड गेले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"त्या मुलीच्या काखेत काचत होतं," ती म्हणाली. "हात सारखा वर धरत होती. मुंढा लहान आहे. मला पण काचतं, मी सांगितलं नव्हतं. दोन बोटं खोल हवा."

"काय करू मग?"

"लिही तसं. पुढच्या रविवारी."

"कोणी सांगितलं म्हणून लिहू?"



"मापानं सांगितलं म्हणून लिही."

मी तसे लिहिले. जवळपास दीड वर्षाने 'आमचे माप' त्या सदरात आले, एका वाक्यापुरते: बनियनचा मुंढा दोन बोटे खोल हवा, असे आमच्या मापाचे म्हणणे आहे. त्याहून अधिक एक अक्षर मी घातले नाही. पुढे ब्रेसखालच्या कपड्यांबद्दल जे जे लिहिले, ते आधी तिला वाचून दाखवले. तिने खोडायला सांगितले ते खोडले. हा लेख लिहिण्याआधीही तिला विचारले आहे. ती आता दहावीत आहे. नावे नकोत आणि आकडे बदलू नकोस, एवढ्या दोन अटी तिने घातल्या.

१९८० च्या डिसेंबरात कोन चौतीस होता. मोजमापाची मर्यादा लक्षात घेता तो कमी झाला असे म्हणता येत नव्हते. वाढला नाही असे म्हणता येत होते. मुंबईचा विषय निघाला नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत तो पस्तीसच्या वर गेला नाही. सासूबाई दर खेपेला एक्स-रेच्या दिवशी सकाळी देवापुढे बसत आणि आम्ही परत आल्यावर मला एवढेच विचारत, "चाळीसच्या खाली हाय ना?" हो म्हटले की त्या उठून चहा ठेवत.

१९८२ च्या डिसेंबरात डॉक्टरांनी फोटोतल्या कमरेच्या हाडाची कड दाखवली. तिथली वाढीची रेघ बुजली होती. उंची आता जवळजवळ थांबली. कोन तेहेतीस.

"हे आता असंच राहील," ते म्हणाले.

"शस्त्रक्रिया?"

"नाही."

आधी ब्रेस फक्त रात्री, मग तोही नाही. तो दिवसा काढून ठेवला त्या पहिल्या सकाळी मुलीला स्वतःचा तोल सांभाळता येईना. ती भिंतीला धरून चालत होती आणि सासूबाई तिच्यामागून हात पुढे करून चालत होत्या, पण शिवत नव्हत्या.

नववीच्या शाळेसाठी तिला नवा निळा स्वेटर हवा होता. ब्रेसवरून घालायचे ढगळ सदरे आता संपले होते आणि अंगावर जे चढेल ते आता दिसणार होते. मी टाक्यांचा हिशेब मांडून तिला विचारले, उजव्या बाजूला अर्ध्या ओळी किती घालू. पाच घातल्या तर शाळेत कोणाला काही कळणार नाही.

"एकही नको," ती म्हणाली.

"लोंबेल."

"लोंबू दे. अर्ध्या ओळी घातल्यास तर आकडा बिघडेल."

मी सरळ विणला. पुढचा भाग आणि मागचा भाग सारखे, ओळी सारख्या. टेबलावर पसरून मोजला तेव्हा अचूक. ३ जानेवारी १९८३ च्या सकाळी, शाळेला जाण्याआधी, ती तो घालून आतल्या खोलीत ओळंब्याशेजारी उभी राहिली, बूट काढून, श्वास सोडून. मी गुडघ्यावर बसून डावीकडची उंची घेतली, मग उजवीकडची. तिने वरूनच आकडा विचारला. मी सांगितला. तिने बूट घातले, दप्तर घेतले आणि तोच स्वेटर अंगात ठेवून जिना उतरली. मी तिच्यामागे गेले नाही. टेप गुंडाळण्याआधी आकडा लिहून ठेवला: डावी बाजू खाली, एक पूर्णांक नऊ दशांश सेंटिमीटर.